चौदाव्या दिवशी कोण?

हवाई बेटांतल्या माऊईवरचं लहायना गाव ८ ऑगस्ट २०२३ रोजी जळालं, ते तुम्ही वाचलं असेलच. शंभरावर माणसं गेली, दोन हजारांवर घरं-इमारती गेल्या. सोसाट्याचा वारा, पडलेल्या विजेच्या तारा, आणि साखर कारखाना बंद पडल्यावर उसाच्या पडीक रानात माजलेलं वाळकं गवत. ते गवत कसं पेटतं, हे आपल्याकडच्या माळावरच्या माणसाला मी काय सांगणार! मला मदतीबद्दल बोलायचंय.

आपल्याकडे घरात कुणी गेलं की चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो, भाकऱ्या येतात, चहाच्या किटल्या येतात. तेराव्यापर्यंत अंगणात बसायला जागा नसते. चौदाव्या दिवशी सतरंज्या परत जातात, डबे धुऊन परत जातात, आणि घरातली बाई एकटीच पेन्शनचा फॉर्म उलटसुलट करत बसते. ‘काही लागलं तर सांगा’ असं प्रत्येकजण म्हणून गेलेला असतो. ती काय सांगणार, आणि कुणाला?

लहायनात तेरावं जोरात झालं. रस्ता अडलेला, बंदर जळालेलं. लोकांनी आपापल्या होड्या काढल्या, कमरेएवढ्या पाण्यात रांग धरून पाण्याची, पेट्रोलची, दुपट्या-लंगोटांची खोकी हातोहात किनाऱ्यावर घेतली. शेजाऱ्यांनीच बागांमधून तंबू ठोकून वाटप चालवलं. कुणाच्या आदेशाची वाट पाहिली नाही. पण पुढे हजारो माणसं महिनोन्महिने हॉटेलांच्या खोल्यांत राहिली, या हॉटेलातून त्या हॉटेलात हलली. तो त्यांचा चौदावा दिवस.

तिथं एक वड आहे. १८७३ साली भारतातून आणून लावलेला. तोही होरपळला. झाडांचे जाणकार आणि बागकाम करणारे स्वयंसेवक जमले. दगडासारखी झालेली माती त्यांनी भुसभुशीत केली, खत घातलं, टँकरनं पाणी दिलं. सप्टेंबरात पालवी फुटली आणि फोटो जगभर गेले. अहो, पण फोटोनंतरही पाणी घालावंच लागतं! मेलेल्या फांद्या कापाव्या लागतात. त्याचे फोटो कोण काढतो?

म्हणून पुन्हा सांगतो, कंटाळा आला तरी ऐका: कुठे आपत्ती आली की मंडळातल्या सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात मदतीच्या गाड्या काढू नका. तारखा वाटून घ्या. काहीजण आत्ता, काहीजण तिसऱ्या महिन्यात, काहीजण वर्षानं. आणि जुने कपडे पाठवू नका हो, कितीदा सांगायचं! आपल्या डोंगरात वणव्यानं ज्याची वैरण जळाली, त्याच्याकडे मार्चमध्ये सगळे जातात. मे महिन्यात जा. पावसाचं गवत यायचं असतं, गोठ्यातली जनावरं दावणीला, आणि विकतचा कडबा परवडत नाही. तेव्हा पेंढ्यांची गाडी घेऊन जा.

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय. जळालेल्या कागदपत्रांचं राहिलंच. सातबारा मिळेल, पण रेशनकार्ड, मुलांचे दाखले, विम्याचे कागद, यासाठी अर्ज लिहून देणारा एक माणूस रोज तासभर जरी जळालेल्या गावात बसला, तरी... बरं, थांबतो.