रविवारची पिशवी

(२६ जानेवारी रोजी ध्वजवंदनानंतर झालेल्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मला विषय दिला होता 'सोसायटीची २५ वर्षे : जमा आणि खर्च'. बँकेतला माणूस, म्हणून दिला असावा. पण खजिनदारसाहेबांनी तो ताळेबंदासह आधीच संपवलेला आहे. तेव्हा मी भाजीवर बोलणार आहे. हसू नका, मार्चच्या विशेष सभेपुढे जो विषय येतोय, त्याचा भाजीशीच संबंध आहे.

मेन गेटच्या आत, पाण्याच्या टाकीला लागून जी पट्टी आहे, तिथे दर रविवारी सकाळी सात ते नऊ बाजार भरतो. सात-आठ बायका, दोन-तीन बापये. पडघा, अंबाडी, वज्रेश्वरीच्या बाजूचे. एकच टेम्पो सगळ्यांत मिळून करतात. आता तिथे पाहुण्यांच्या गाड्यांसाठी पार्किंग करावं, असा प्रस्ताव आहे.

नवीन सभासदांसाठी थोडा इतिहास सांगतो. आपल्या राज्यात बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. जुलै २०१६ मध्ये सरकारने फळं आणि भाजीपाला त्या नियमनातून बाहेर काढला, म्हणजे शेतकऱ्याला समितीच्या आवाराबाहेर थेट गिऱ्हाइकाला विकायची मोकळीक मिळाली. त्याच वर्षी मुंबईत विधानभवनाच्या आवारातसुद्धा शेतकऱ्यांचा बाजार भरला होता. पणन मंडळाने या आठवडे बाजारांच्या मोहिमेला संत सावता माळ्यांचं नाव दिलं. मळ्यातच ज्याला विठोबा भेटला त्याचं नाव, हे मला फार आवडलं. पुढच्याच वर्षी आपल्या सर्वसाधारण सभेत कुणीतरी म्हणालं, विधानभवनात चालतं तर आपल्याकडे का नको? ठराव झाला.

माझा क्रम ठरलेला आहे. शनिवारी रात्री दहा-दहाच्या नोटा आणि नाणी काढून ठेवतो. दोन कापडी पिशव्या. सकाळी सातला खाली. पहिली फेरी नुसती बघायची, काही घ्यायचं नाही. दुसऱ्या फेरीत जड माल आधी: दुधी, सुरण, काकडी. पालेभाजी वर, कोथिंबीर सगळ्यात शेवटी. पूर्वी मी यादी नेत असे. आमची सौ. म्हणाली, "यादी दुकानात न्यायची. इथे काय आलंय ते बघायचं आणि मग घरी काय करायचं ते ठरवायचं." तेव्हापासून यादी बंद.

आणि काय काय येतं बघा. पहिल्या पावसाबरोबर शेवळं. ज्यांना माहीत नाही त्यांनी ती एकट्याने घरी नेऊ नयेत, घसा असा खाजतो की डॉक्टर गाठावा लागेल. बरोबर काकडं घ्यायची, ती आंबट छोटी फळं. विकणारी बाई स्वतःच दोन्ही एकत्र देते आणि कसं शिजवायचं तेही सांगते. ही सोय कुठल्या मोबाईलवर आहे? मग टाकळा, कुरडू, भारंगी. श्रावणात कंटोळी, अळू, पडवळ. दसऱ्यानंतर नवा तांदूळ. आत्ता, भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आलेल्या वालाच्या शेंगा. उन्हाळ्यात करवंदं, पानांच्या द्रोणात. रानभाजी वजनावर नाही, वाट्यावर मिळते, आणि वाट्यात घासाघीस करायची नसते. जास्त हवं तर दोन वाटे घ्यायचे. आपल्यातले काही जण मॉलमध्ये छापील किमतीला निमूट पैसे देतात आणि इथे मेथीच्या जुडीमागे दोन रुपयांसाठी उभे राहतात. नावं घेत नाही, समोरच बसलेत.

डी विंगमधल्या आपल्या तेलुगू मंडळींनी अंबाडीची मागणी सुरू केली. आधी एक जुडी यायची, आता टोपलीभर येते. म्हणजे आपल्या डी विंगमुळे पडघ्याकडे कुणाच्या तरी वावरात अंबाडीचा वाफा वाढला. लूमच्या गावात विणकामासाठी आलेल्या लोकांनी इथल्या शेतातलं पीक बदललं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

आता थोडे आकडे, त्याशिवाय मला चैन पडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या अभ्यासानुसार ग्राहकाने मोजलेल्या १०० रुपयांतले शेतकऱ्याकडे टोमॅटोचे सुमारे ३३, कांद्याचे ३६ आणि बटाट्याचे ३७ पोचतात. बाकी सगळं दलाल खातो, असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. त्यात टेम्पोचं भाडं आहे, हमाली आहे, दुकानदाराचा गाळा आहे, आणि वाटेत सडलेला मालही आहे. मात्र पडघ्याची भेंडी वाशीला जाऊन परत भिवंडीत येते, तेव्हा त्या प्रवासाचे पैसे तुम्ही-आम्हीच देतो आणि वर भेंडी शिळी होते ती वेगळी. तीच भेंडी पंधरा-वीस किलोमीटरवरून सरळ आपल्या टाकीजवळ येते. भाव तीन बत्तीच्या मार्केटपेक्षा फार कमी असतो असं नाही. कधीकधी जास्तच असतो. फरक पडतो तो पैसे कुणाच्या हातात जातात यात.

त्यातल्या एका मावशीबद्दल सांगतो. मी मावशी म्हणतो, वास्तविक ती माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल. तिची दोन एकर जमीन. पावसाळ्यात भात, नंतर वाल आणि भाजी. शेजारच्या वावरात गोदाम उभं राहिलंय. मुलगा तिथेच पाळीवर कामाला जातो. त्याने आईला क्यूआर कोडचा बोर्ड करून दिला. मी दोन आठवडे मोबाईलवरून पैसे दिले. तिसऱ्या आठवड्यात ती हळूच म्हणाली, "साहेब, रोख द्या ना. त्यात टाकलेलं त्याच्या खात्यात जातं. मला परतीचं भाडं द्यायचंय."

मी तिला बँकेत पाठवलं. ३६ वर्षं लोकांची खाती उघडली, एक अजून. आता बोर्ड तिच्या नावाचा आहे. मुलगा रागावला का, विचारलं. म्हणाली, "तो नाही रागावला. दीर रागावला." दिराला जमीन द्यायची आहे, गोदामवाल्यांना. बोलणी अधूनमधून होत असतात. तिचं म्हणणं असं, की महिनाअखेर पासबुक पुढे ठेवलं की घरात थोडे दिवस कुणी तो विषय काढत नाही.

मी गोदामांच्या विरोधात नाही. भिवंडीतल्या हजारो घरांची चूल त्यावर पेटते. आपल्या कित्येक सभासदांच्या मुलांचे पगार तिथूनच येतात, आणि पार्किंगला लागणाऱ्या गाड्याही त्याच पगारातून आल्या. तिने जमीन विकावी की ठेवावी, हे ठरवणारा मी कोण? पण तिच्या बाजूने जे एक पासबुक आहे, त्यातली जमा आपल्या गेटच्या आत होते. एवढं सभेला माहीत असावं.

हरकती मीही ऐकल्या आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. पावसाळ्यात चिखल होतो. भाजीच्या देठांवर गुरं येतात. सुरक्षेचा प्रश्न आहे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना रविवारी सात वाजता झोप हवी असते, त्यांचंही बरोबर आहे. माझी सूचना अशी: वेळ साडेसात ते साडेनऊ करावी, कचरा ज्याचा त्याने आपल्या ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात टाकावा, वॉचमनकडे येणाऱ्यांच्या नावांची वही ठेवावी. साडेनऊनंतर तीच पट्टी आठवडाभर पार्किंगला वापरा, माझी काही हरकत नाही. रविवारी सकाळी येणाऱ्या पाहुण्यांनी गाडी बाहेर लावावी आणि येताना भाजी घेऊन वर जावं.

विशेष सभेची नोटीस लागली की बघा. मागच्या तीन सभा गणसंख्येअभावी अर्ध्या तासाने तहकूब करून पुन्हा भरवाव्या लागल्या. या वेळी विरोधात मत द्यायचं असेल तरी या. आणि त्याआधी एखाद्या रविवारी खाली उतरा. वालाच्या शेंगा अजून दोन-तीन आठवडेच आहेत. सुट्टे पैसे बरोबर आणा.