विमान घेतलं, पुढं काय?



आज आपण लखनौच्या चौकात बसलोय. खाली सराफा, पलीकडं गोल दरवाजा. या सराफ्यात विटा, खानापूर, आटपाडीकडची आपली गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळतात, त्यामुळं गावच्या गप्पा इथं परक्या वाटत नाहीत. मघाशी चहा घेताना एका मुलानं विचारलं, "काका, स्वतःचं विमान घ्यायला किती पैसे लागतात?"

माझं आयुष्य विमानांच्या देखभालीत गेलं. मी त्याला म्हटलं, "बाळा, तू प्रश्न अर्धाच विचारलास. घ्यायला किती लागतात ते विकणारा सांगेल. पण ते ठेवायला काय लागतं, ते कुणी सांगत नाही." आज त्या उरलेल्या अर्ध्या प्रश्नावर बोलू.

सुरुवात आपल्याच माणसापासून करू. कॅप्टन अमोल यादव हे मुंबईचे व्यावसायिक वैमानिक. त्यांनी कांदिवलीत, चारकोपला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. हा त्यांचा तिसरा प्रयत्न होता. आधीचे दोन तडीस गेले नव्हते. तिसऱ्याचं काम २००९ मध्ये सुरू झालं. इमारत पाच मजली आणि लिफ्ट नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'चं प्रदर्शन भरलं, तेव्हा विमानाचे भाग सुटे करून क्रेननं खाली उतरवले आणि वांद्रे-कुर्ला संकुलात नेऊन पुन्हा जोडले. लोकांनी फोटो काढले, पेपरात बातम्या आल्या.

पण मंडळी, त्या दिवशी ते विमान कायद्याच्या दृष्टीनं विमान नव्हतंच! विमानासारखी दिसणारी वस्तू होती. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, तेव्हा त्याला 'व्हीटी-एनएमडी' हे नाव मिळालं. उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणीसाठी ते उडालं. गच्चीवर काम सुरू झाल्यापासून चाकं जमिनीवरून उचलेपर्यंत ११ वर्षं गेली. मधल्या काळात आईनं मंगळसूत्र मोडलं, भावानं घर गहाण टाकलं, असं त्यांच्याबद्दलच्या बातम्यांत आलेलं आहे. आईनं मंगळसूत्र काढून देणं म्हणजे काय असतं, हे सराफ्यात बसून मी तुम्हाला काय सांगावं!

या गोष्टीत कागदांना इतकं महत्त्व का? तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. कुणी पिवळा तुकडा आणून 'सोनं आहे' म्हणाला, तर तुम्ही टंच काढल्याशिवाय भाव करत नाही. विमानाचा टंच म्हणजे त्याची लॉगबुकं. सांगाड्याचं एक, इंजिनाचं एक, पंख्याचं एक. किती तास उडालं, कधी काय बदललं, कुणी तपासलं, कुणी सही केली, सगळं त्यात असतं. लॉगबुक हरवलेलं विमान कितीही चकचकीत असलं तरी घेणारा हात आखडतो. इथंच फैजाबाद रस्त्यावर एचएएलचा कारखाना आहे. १९७० पासून तिथं विमानांची उपकरणं बनतात. तिथून निघणाऱ्या लहानशा उपकरणालाही स्वतःचा कागद असतो. तो नसेल, तर भाग नवाकोरा असूनही विमानावर चढत नाही.

आता देखभाल. छोट्या पिस्टन इंजिनाच्या विमानाला साधारण ५० तासांनी तेल बदलतात, १०० तासांनी मोठी तपासणी होते. आणि बऱ्याच इंजिनांना २,००० तासांच्या आसपास पूर्ण उघडून नवं करावं लागतं. शहाणा मालक उडालेल्या प्रत्येक तासामागं थोडी रक्कम त्या दिवसासाठी बाजूला ठेवतो. जो ठेवत नाही, त्याचं विमान त्या दिवशी हँगरमध्ये बसतं ते बसतंच.

पण उडण्यापेक्षा न उडण्यानं विमान जास्त खराब होतं. मी एका हौशी मालकाचं विमान पाहिलं होतं. ते रोज फडक्यानं पुसायचे. दर रविवारी पंखा हातानं चार वेळा फिरवायचे, इंजिन मोकळं राहावं म्हणून. चार वर्षांनी आम्ही इंजिन उघडलं, तर आत कॅमशाफ्टला गंज! हातानं पंखा फिरवला की आतलं उरलंसुरलं तेलाचं पातळ आवरणही खरवडलं जातं आणि नवं तेल वर चढत नाही. इंजिन बनवणारेही असं करू नका म्हणतात. खरा उपाय म्हणजे उडवणं, चांगलं तापेपर्यंत, म्हणजे आतली ओल निघून जाते. नाहीतर बंद ठेवण्याचं रीतसर तेल भरून ठेवणं. ते गृहस्थ ओल्या डोळ्यांनी म्हणाले, "मी तर जपलं होतं हो." जपणं आणि सांभाळणं यात फरक आहे, तो मला त्या दिवशी कळला.

आणि शत्रू किती बारीक असतात! वेग मोजण्यासाठी विमानाला बाहेर एक बारीक नळी असते. तिच्यावर टोपी घालायची राहिली, तर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते आणि वेगाचा काटा खोटं बोलायला लागतो. पंखांत उंदीर शिरले तर वायरी कुरतडतात.

आता सुधारणा. जुनं विमान घेतलं की मालकाला पहिली हौस येते ती कॉकपिटमध्ये नवे पडदे बसवायची. बसवा, चांगलंच आहे. पण विमान म्हणजे तराजू. वजन किती वाढलं एवढंच बघून चालत नाही, ते काट्यापासून किती लांब ठेवलं तेही बघावं लागतं. शेपटीकडं चार किलो वाढले, तर त्याचा हिशोब निराळा. म्हणून बदल झाला की वजन आणि तोल पुन्हा मांडायचा, वीज पुरते का पाहायचं आणि बदलाची मंजुरी घ्यायची. नेहमीच्या विमानांसाठी मंजूर आराखडे तयार मिळतात. दुर्मिळ विमानाला ते नसतात. तिथं एकेका बदलाचं गणित नव्यानं मांडून पटवून द्यावं लागतं.

दुर्मिळपणाची दुसरी किंमत सुट्या भागांची. डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे, जर्मनीत प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्या काळात एचएएलनं 'पुष्पक' हे दोन आसनी विमान केलं, ते १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड. सुमारे १६० विमानं बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. आज एखाद्याकडं असं विमान असेल, तर त्यानं कापड ताणून लेप देणारा कारागीर आधी शोधावा. भाग एकवेळ घडवून घेता येतील, हात कुठून आणणार?

इंधनाचंही बघा. मोठ्या जेट विमानांचं इंधन बहुतेक विमानतळांवर मिळतं, पण छोट्या पिस्टन विमानाला अ‍ॅव्हगॅस लागतं. ते आपण बाहेरून आणायचो. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलनं वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनलेलं अ‍ॅव्हगॅस बाजारात आणलं. तरी तुमच्या धावपट्टीवर ते पोचतं का, हे विमान घेण्याआधी विचारायचं.

तर त्या मुलाला माझं सांगणं असं. आधी फ्लाइंग क्लबात जा. दोन-तीन जणांत मिळून घेता आलं, तर तसं घे, खर्चही वाटला जातो आणि विमानही जास्त उडतं. रंग बघू नकोस, लॉगबुक बघ. सही करणारा इंजिनिअर आधी गाठ, विमान नंतर. आणि दुर्मिळच हवं असेल, तर पैशाइतकाच वेळ बाजूला ठेव. अमोल यादवांना ११ वर्षं लागली, आणि ते स्वतः वैमानिक होते.

एवढं ऐकून तो मुलगा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "काका, लॉगबुक कसं वाचतात, शिकवाल?" मंडळी, मला वाटतं, या पोराकडं एक दिवस विमान असेल.