पिकअपचा इंजेक्टर : मोठा हवा की नीट हवा?



"गाडीला पूर्वीसारखा दम राहिला नाही. घाट आला की धूर ओकते आणि मागं ओढते." ही तक्रार आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडी असेल. पिकअप गाडीला रोजचे काम असते. पहाटे टोमॅटोची कॅरेटं किंवा कांद्याच्या गोण्या घेऊन बाजार समिती गाठायची, येताना खत-पेंड आणायची, मधल्या वेळी घरच्या कोणाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे. अशी गाडी थकली की कोणीतरी सल्ला देतो, "मोठे इंजेक्टर बसवून घे, गाडी पळत सुटेल." हा सल्ला घ्यावा की नाही, याचा आज विचार करू.

इंजेक्टर म्हणजे डिझेलची पिचकारी. डिझेलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवा सोळा-अठरा पट दाबतो. त्या दाबाने हवा ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापते आणि त्या तापल्या हवेत इंजेक्टर डिझेलचा फवारा मारतो. फवारा पेटतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हे मिनिटाला १,००० वेळा घडते. प्रत्येक वेळी फवाऱ्याला मिळणारा वेळ असतो सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाएवढा, फार तर त्याच्या दुप्पट-तिप्पट.

एवढ्या वेळात डिझेल जळायचे, तर ते बारीक झाले पाहिजे. शिक्षकांनी हे गणित मुलांना फळ्यावर करून दाखवावे. २ मिलिमीटर व्यासाचा एक थेंब घ्या आणि त्याचे ०.०२ मिलिमीटर व्यासाचे थेंब करा. किती होतील? १० लाख. आणि हवेला टेकणारा एकूण पृष्ठभाग १०० पट वाढेल. इंजेक्टरच्या टोकाशी जी सूक्ष्म छिद्रे असतात, ती यासाठीच. त्यांचा व्यास एक-दोन दशांश मिलिमीटरच्या आसपास असतो. छिद्र झिजले किंवा त्यावर काजळी चढली की फवाऱ्याऐवजी धार पडते. धार नीट जळत नाही. मग धूर होतो, डिझेल वाया जाते आणि ओढ कमी होते.

आता मोठ्या इंजेक्टरचे बघू. मोठा इंजेक्टर तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सोडतो. पण चुलीत लाकडे वाढवली आणि वारा लागू दिला नाही, तर जाळ वाढतो का? धूरच वाढतो. इंजिनाचेही तसेच आहे. १ किलो डिझेल पुरते जळायला निदान साडेचौदा किलो हवा लागते. १ लिटर डिझेलचा हिशेब केला तर सुमारे १२ किलो हवा झाली, म्हणजे १० घनमीटर. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोलीत मावेल एवढी! अडीच लिटरचे इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर स्वतःच्या ओढीने फार तर अडीच घनमीटर हवा घेते. टर्बो असेल तर तो आणखी हवा कोंबतो, पण त्यालाही मर्यादा आहे. धूर होऊ नये म्हणून हिशेबापेक्षा जास्तच हवा लागते, ती वेगळी. तेव्हा हवा न वाढवता डिझेल वाढवले, तर थोडी ओढ वाढेल, आणि त्यापुढे काळा धूर होईल.

प्रश्न नुसत्या धुराचा नाही. जास्त डिझेलने सिलिंडर आणि धुराची वाट जास्त तापते. भरलेली गाडी लांबलचक घाट चढत असते, तेव्हा हा ताप मिनिटामिनिटाला साठत जातो. टर्बोची पाती, हेड, पिस्टनचा माथा यांना तो सोसत नाही. पिस्टन वितळल्याचीही उदाहरणे होतात. वाढलेला जोर क्लचवर येतो आणि क्लच घसरू लागतो. अमेरिकेत मोठ्या डिझेल पिकअपना असे इंजेक्टर बसवण्याची हौस पुष्कळांना आहे. पण तेथील जाणकार माणूस इंजेक्टरबरोबर टर्बो आणि क्लच बदलतो, आणि धुराचे तापमान दाखवणारा काटा डोळ्यासमोर ठेवतो. हा सगळा खर्च भाजीच्या भाड्यातून निघेल का, हे ज्याचे त्याने कागदावर मांडून पाहावे.

शिवाय १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-सहा प्रमाणाच्याच नव्या गाड्यांची नोंदणी होते. त्यांतल्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी असते. जास्त काजळी आली की ती चोंदते आणि गाडी वाटेत जोर सोडते. कायद्याचेही लक्षात असू द्या. कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा असा बदल गाडीत करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने बंधने घातली आहेत.

मग थकल्या गाडीचे करायचे काय? क्रमाने जा. प्रथम एअर फिल्टर उघडून पाहा. टर्बोच्या रबरी नळ्या कोठे फाटल्या आहेत का ते पाहा. डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि त्याच्या तळचे पाणी काढून टाका. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका. इंजेक्टरच्या आतल्या सुईला वंगण डिझेलचेच मिळते. रॉकेलने ते तुटते आणि सुई झिजते. एवढे करूनही फरक पडला नाही, तर इंजेक्टर काढून पंप-नॉझलचे काम करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे न्या. कोणत्या दाबाला उघडतो, फवारा कसा पडतो, टोकाशी थेंब गळतो का, आणि परतीच्या नळीने डिझेल किती येते, हे तो यंत्रावर तपासतो. चारांतला एकच खराब निघाला, तर निदान तुमचा खर्च कोठे आहे ते कळले!

नॉझल बदलावा लागला तर मूळ नंबराचाच घ्या. बसवताना तांब्याचा वॉशर नवा घाला. नव्या गाड्यांत बहुधा प्रत्येक इंजेक्टरवर एक संकेतांक कोरलेला असतो. तो गाडीच्या संगणकाला कळवावा लागतो, नाहीतर नवा इंजेक्टरही हिशेब चुकवतो. मिस्त्रीला हे आवर्जून विचारा.

शेवटी एक धोक्याची सूचना, आणि ही मात्र घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. विहिरीवरच्या जुन्या इंजिनात इंजेक्टर सुमारे २०० बार दाबाला उघडत असे. मोटारीच्या टायरात असतो त्याच्या १०० पट हा दाब झाला. १९९७ साली मोटारगाड्यांत कॉमन रेल पद्धत आली. तिच्यात हा दाब १,६०० बारपर्यंत आणि पुढेही जातो. इंजिन चालू ठेवून पाइपाचा नट सैल करायचा आणि कोणता सिलिंडर मारत नाही ते पाहायचे, ही जुनी रीत अशा गाडीवर कधीही करू नका. गळती बोटाने चाचपू नका. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा. ती सूक्ष्म धार हातमोजातून आणि कातडीतून आरपार शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, पहिल्यांदा फारशी दुखतही नाही, आणि काही तासांत हात सुजतो. वेळ गेला तर बोट किंवा हातही गमवावा लागतो. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि "डिझेल दाबाने आत गेले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

रोज राबणाऱ्या गाडीला शर्यत जिंकायची नसते. तिला रोज बाजार गाठून घरी यायचे असते. त्यासाठी आहे तोच इंजेक्टर साफ आणि बिनचूक चालला, म्हणजे पुष्कळ झाले.