शेजारधर्माचे बारा गुण

हातातली कामं चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण मला आठवली ती माझ्या भाचीमुळे. ती जर्मनीत शिकते. मे महिन्यातल्या एका शनिवारी रात्री दहाच्या सुमाराला तिचा फोन आला, तर मागे नुसता गलका. मी म्हटलं, "अगं, लग्नघरात आहेस का?" ती म्हणाली, "नाही गं मावशी, आज युरोव्हिजन आहे!" दहा-बारा पोरंपोरी जमलेली. कुणी गालावर झेंडा रंगवलेला, कुणी आपल्या देशाचा पदार्थ करून आणलेला, आणि प्रत्येकाच्या हातात गुण मांडायचा कागद. गाणी सुरू व्हायला अजून तास-दोन तास होते, पण भांडणं आधीच सुरू झाली होती. भांडण कशावरून? तर कुठला देश कुणाला बारा गुण देणार यावरून.

आज तेच सांगणार आहे. कारण त्या भांडणात मला आपलंच भांडण ऐकू आलं. श्रावणातल्या मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा आठवा. निकाल लागला की कुणीतरी म्हणतंच, "परीक्षक त्यांच्या वाडीच्या होत्या, मग काय!"

तर युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा. आपल्याकडे जशी आकाशवाणी, दूरदर्शन, तशा तिकडच्या देशोदेशीच्या प्रसारण संस्थांचा एक संघ आहे. तो ही स्पर्धा भरवतो. प्रत्येक देशाचं एक नवं गाणं. 2025 साली 37 देश होते. थेट प्रक्षेपण असतं आणि कोट्यवधी लोक ते बघतात. आइसलँड हा चार लाखांच्या आसपास वस्तीचा देश. तिथे त्या रात्री जवळजवळ प्रत्येक टीव्हीवर हाच कार्यक्रम असतो. हौशी चाहत्यांची देशोदेशी मंडळं आहेत. त्यांची जोडणी 1984 साली फिनलंडमध्ये सुरू झाली. ही मंडळी वर्षभर मागच्या निकालांचे आकडे घोकत बसतात.

पहिली स्पर्धा झाली 1956 साली, स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी. तेव्हा फार थोड्या घरांत टीव्ही होता, त्यामुळे बहुतेकांनी ती रेडिओवरच ऐकली, तुम्ही आत्ता ऐकताय तशी. सात देश आले होते. परीक्षकांनी गुण दिले ते गुपचूप, बंद दाराआड. स्वतःच्या देशाला गुण द्यायलाही मुभा होती. आणि पहिला नंबर आला यजमान स्वित्झर्लंडचा! त्यांनी लबाडी केली असं मी म्हणत नाही. गाणं खरंच चांगलं असेल. पण कुणी किती गुण दिले हे आजतागायत बाहेर आलेलं नाही. मग खरं खोटं करायचं कसं? पुढच्याच वर्षी, 1957 मध्ये, दोन गोष्टी बदलल्या. गुणांचा फलक सगळ्यांसमोर लागला, आणि स्वतःच्या देशाला गुण देणं बंद झालं. "आपला तो बाब्या" हे माणसाचं होणारच, ते नियमानेच आवरावं लागतं.

1975 पासून गुण देण्याची आजची पद्धत आली. प्रत्येक देश दहा गाण्यांना गुण देतो. दहाव्या गाण्याला 1, मग चढत 8 पर्यंत, दुसऱ्याला 10 आणि सगळ्यात आवडलेल्याला 12. देश मोठा असो की लहान, हातात गुण तेवढेच. आठ कोटींच्या वर वस्तीच्या जर्मनीला जेवढे, तेवढेच 35,000 सुद्धा वस्ती नसलेल्या सॅन मरिनोला.

आता स्वतःला गुण देता येत नाहीत. मग माणूस कुणाकडे बघतो? शेजाऱ्याकडे. ग्रीस आणि सायप्रस या दोन देशांत भाषा एकच, ग्रीक. ते बहुतेक वेळा एकमेकांना बारा देतात. ते जाहीर व्हायच्या आधीच सभागृहात हशा पिकतो. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क यांचं आपसात असंच. जर्मनीत 1961 पासून तुर्की कामगार मोठ्या संख्येने गेले आणि तिथेच राहिले. लोकांना फोनवरून मत देता यायला लागलं, 1997 साली पाच देशांत आणि पुढच्या वर्षी बहुतेक ठिकाणी, तेव्हा जर्मनीचे बारा गुण अनेकदा तुर्कस्तानला जायला लागले. माहेर सोडून लांब राहणाऱ्या माणसाला माहेरचं गाणं ऐकू आलं तर तो काय करणार, सांगा बरं?

यावरून ओरड झाली. बीबीसीचे निवेदक टेरी वोगन वर्षानुवर्षं या शेजारधर्मावर टोमणे मारायचे. 2008 नंतर वैतागून त्यांनी ते काम सोडलं. 2009 पासून अंतिम फेरीत दोन पारडी झाली. अर्धं वजन जाणकार परीक्षकांचं, अर्धं लोकांच्या मतांचं. तुर्कस्तानला हे रुचलं नाही. इतरही तक्रारी होत्या, आणि 2013 पासून तो देश स्पर्धेत आलेला नाही. एकाचं समाधान करावं तर दुसरा रुसतो.

पण बायांनो, शेजाऱ्याने शेजाऱ्याला गुण दिले म्हणजे तो अन्यायच झाला का? मला 2007 सालची गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या वर्षी सर्बियाची मारिया शेरिफोविच आपल्या भाषेत गायली आणि जिंकली. सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया हे एकेकाळी एकाच देशाचे भाग. 1991 नंतर त्यांच्यात युद्धं झाली, माणसं मारली गेली, घरं जळली. आणि तरीही 2007 मध्ये क्रोएशियातल्या आणि बोस्नियातल्या लोकांनी घरातून फोन करून सर्बियाच्या गाण्याला बारा गुण दिले. याला वशिला म्हणाल? त्यांची भाषा कळते, चालीची ओळख असते, म्हणून ते गाणं आतपर्यंत पोचतं. जात्यावरची ओवी आपल्याला जशी लागते तशी परक्याला लागेल का? ओळखीच्या सुरावर जीव जडणं हा काही गुन्हा नाही.

शिवाय हिशेब बघा. आपण गटात पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बायका. सर्बियाला एकूण 268 गुण मिळाले. जुन्या एकत्र देशातल्या पाच शेजाऱ्यांचे झाले 60. बाकीचे 208 बाहेरून आले. फिनलंड आणि हंगेरी यांनीही बारा-बारा दिले. 2017 साली पोर्तुगाल पहिल्यांदाच जिंकला. गायक साल्वादोर सोब्राल, आणि गाणं रचलेलं त्याच्या बहिणीने, लुइझाने. पोर्तुगालच्या हद्दीला लागून देश एकच, स्पेन. स्पेनकडून दोन्ही पारडी धरून मिळू शकत होते जास्तीत जास्त 24. पोर्तुगालला मिळाले 758. परीक्षकांचा पहिला तोच आणि लोकांचाही पहिला तोच. शेजारी चार पायऱ्या वर चढवतो. शिखरावर जायचं तर अनोळखी माणसांच्या मनात शिरावं लागतं.

मग खरी काळजी कशाची? 2022 साली तूरिनला दुसऱ्या उपांत्य फेरीत परीक्षकांचे गुण तपासताना काहीतरी खटकलं. सहा देशांच्या परीक्षकांनी एकमेकांच्याच गाण्यांना वर चढवलं होतं. अझरबैजान, जॉर्जिया, मॉन्टेनेग्रो, पोलंड, रोमानिया आणि सॅन मरिनो. यांच्या ना सगळ्यांच्या सीमा लागून, ना भाषा एक. संघाने त्या सहाही परीक्षक मंडळांचे गुण रद्द केले. रोमानियासारख्या देशांनी त्यावर नाराजीही दाखवली. पण फरक ध्यानात घ्या. सायप्रसचे बारा गुण सगळ्यांना आधीच माहीत असतात. ते उघड असतात, म्हणून त्यांच्यावर हसता येतं. इथे आकडे असे जुळले की संशय यावा, आणि ते पकडले गेले कारण प्रत्येक गुण लिहिलेला होता. आणि असे गुण फोनवरच्या भाबड्या लोकांनी नव्हे, तर ज्यांना जाणकार म्हणून बसवलं होतं त्यांनी दिले होते.

जाणकार आणि लोक यांचं पटतंच असंही नाही. 2023 मध्ये फिनलंडच्या कॅरियाला लोकांनी 376 गुण दिले, स्वीडनच्या लोरीनला 243. परीक्षकांनी लोरीनला 340 दिले, कॅरियाला 150. बेरीज करा. लोरीन 583, कॅरिया 526. लोकांचा लाडका हरला. चाहते अजून त्यावरून भांडतात. पण भांडता येतं ते आकडे समोर आहेत म्हणून. कागद हातात असलेल्या माणसाला, "जा, तुला काही कळत नाही," असं म्हणून गप्प बसवता येत नाही.

2023 पासून स्पर्धेबाहेरच्या देशांतल्या लोकांनाही पैसे भरून ऑनलाइन मत देता येतं, म्हणजे आपल्यालाही. ती सगळी मतं मिळून एका देशाएवढी धरतात. तुम्ही मत द्या असं मी सांगत नाही. पण त्यांनी जवळजवळ 70 वर्षं भांडून जे शिकलं, ते आपल्या कामाचं आहे.

माया आटोक्यात येत नाही, ती यायलाही नको. आपल्या वाडीची पोरगी नाचली की टाळी जोरात वाजणारच. पण पंक्तिप्रपंच टाळायचा तर तीन गोष्टी करता येतील. ज्या गटाची बाई परीक्षक, तिने त्या गटाला गुण द्यायचे नाहीत. परीक्षकांचं एक पारडं आणि बघणाऱ्या बायांचं एक पारडं ठेवायचं. आणि कुणी किती गुण दिले ते फळ्यावर, सगळ्यांच्या देखत लिहायचं. मग हरलेली बाई रुसेल, पण घरी जाताना मनात किंतु घेऊन जाणार नाही.

माझी भाची त्या रात्री कुणाच्या बाजूने होती, ठाऊक आहे? मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, माझ्या खोलीतली मैत्रीण पोर्तुगालची आहे. मग मी दुसऱ्या कुणाला कशी देणार?"

घ्या! शेजारधर्म. पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.