ग्रामगौरवानंतरचे गाव



साक्षरताप्रसाराबद्दल महाराष्ट्राला एकदा जागतिक सन्मान मिळाला होता, हे परभणी जिल्ह्यात आज फारसे कोणाला आठवत नाही. 1959 साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर पसरली आणि 1972 साली तिला युनेस्कोचे महंमद रझा पहलवी पारितोषिक लाभले. पारितोषिक इराणच्या शहाच्या नावाचे! त्याच युनेस्कोत क्रुप्स्काया यांच्या नावाचेही पारितोषिक होते. साक्षरतेच्या श्रेयाचे अगत्य राजाला आणि क्रांतीला सारखेच असावे.

मोहिमेचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. प्राथमिक शिक्षक आणि गावातील शिकलेली मंडळी प्रौढांना शिकवीत. सुमारे चार महिन्यांत अक्षरओळख होई. सारे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. खर्च अत्यल्प, म्हणून मोहिमेची वाहवा झाली. परंतु खर्च अल्प होता याचा अर्थ श्रम अल्प होते असा नव्हे. त्या श्रमांचे मोल हिशेबातच धरले नव्हते. आणि खरा खर्च होता तो समारंभानंतरचा : वाचनालय, सोपी पुस्तके, पुढचा वर्ग. तेथे व्यवस्थित पाठपुरावा झाला नाही. नवसाक्षर मोठ्या संख्येने पुन्हा निरक्षर झाले, अशी नोंद पुढे सरकारी अहवालांनीच केली.

परभणीसारख्या जिल्ह्यात ही उणीव अधिक बोचते. निजामी राजवटीत येथे घरात मराठी आणि कचेरीत उर्दू होती; कागद वाचणे हे दुसऱ्याचे काम, ही सवय तेव्हाची. शिवाय गंगाखेड, जिंतूर भागांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. चार महिन्यांचा वर्ग गावात भरवायचा तो कोणासाठी? कोयत्यामागे घेतलेली उचल किती, फिटली किती, हे मुकादमाच्या वहीत असते. नाव लिहायला शिकलेली बाई त्या वहीवर अंगठ्याऐवजी सही करते, एवढाच फरक पडतो. आकडे तिला कोणी वाचून दाखवत नाही.

आजच्या ‘उल्लास’ कार्यक्रमातही शिकविणारा स्वयंसेवक विनामोबदलाच आहे. 2023 साली राज्यातील शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार घातला, तेव्हा त्यांना आळशी म्हणणे सोपे होते. शिकविण्याखेरीज आणखी किती कामे त्यांच्या माथी मारायची, हा त्यांचा प्रश्न मात्र कोणी नीट ऐकला नाही.

यंदा टोळ्या निघण्यापूर्वी शाखांनी दोन मागण्या धराव्यात : वर्ग कारखान्यावरच्या कोप्यांपाशी भरावा, आणि उचलीच्या हिशेबाची मराठी प्रत प्रत्येक कोयत्याला मिळावी. त्या वर्गाचे पहिले पुस्तक तीच प्रत असावी.