बोलायला शिकले पाहिजे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही विद्वान वक्ते नाही. गिरणीत साचे चालवणारी माणसे आम्ही. साचेखात्यात खडखडाट एवढा की शेजारच्याला काही सांगायचे तर ओरडावे लागते, नाहीतर हाताने खुणा. ती सवय घरी येते. घरात आम्ही ओरडून बोलतो आणि साहेबाच्या टेबलासमोर उभे राहिलो की आवाज बसतो. या दोहोंच्या मधले बोलणे आम्हांला कुणी शिकवलेच नाही. मग आमची मुले ते कुठून शिकणार?

आपल्याच वस्तीतला एक मुलगा नोकरीच्या मुलाखतीला गेला. पदवीला पहिला वर्ग. साहेबांनी एवढेच विचारले, "स्वतःबद्दल सांगा." पोराने मान खाली घातली. नाव सांगितले, तेही धड ऐकू गेले नाही. पाच मिनिटांत बाहेर! घरी येऊन म्हणाला, "काका, मला सगळं येत होतं, पण तोंडातून शब्दच फुटेना."

याला त्या पोराचा दोष म्हणायचे काय? ज्यांच्या वाडवडिलांना पिढ्यान्पिढ्या खाली वाकून जोहार घालावा लागला, त्यांची मान एका पदवीच्या कागदाने वर होत नाही. त्याला सराव लागतो.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९२० साली त्यांनी पाक्षिक काढले, त्याचे नावच 'मूकनायक'. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले, की स्वच्छ राहा, लुगडे नीट नेसा, जात दाखवणारे दागिने टाकून द्या. तो नट्टापट्टा नव्हता, ती माणुसकीची मागणी होती. तेव्हा इस्त्रीचा साधा सदरा, विंचरलेले केस आणि सरळ नजर, याला कुणी 'साहेबी थाट' म्हणू नये.

आणि बोलावे कसे? तथागतांनी चांगल्या वाणीची पाच लक्षणे सांगितली आहेत. बोलणे वेळेवर असावे, खरे असावे, मृदू असावे, हिताचे असावे आणि मैत्रीच्या भावनेने केलेले असावे. मुलाखतीला निघालेल्या मुलाला याहून वेगळे काय सांगायचे? समोरच्याचा प्रश्न पुरता ऐका, मग बोला. येत नसेल तर "हे येत नाही, पण शिकेन" असे सरळ सांगा. आवाज चढवू नका, गिळूही नका. मुद्द्याचे बोला.

भाषेची लाज धरू नका. 'पाणी'ला 'पानी' म्हटले म्हणून कुणी अडाणी ठरत नाही. म्हणणे नीट मांडता आले पाहिजे.

आडनाव ऐकून चेहरा बदलणारेही खुर्चीवर बसलेले असतात, हे आम्ही जाणतो. तुमच्या गोड बोलण्याने ते सुधारणार नाहीत. तो लढा संघटनेने लढायचा आहे. पण "मुलाला बोलता येत नाही" हे आयते कारण आपण त्यांच्या हातात का द्यावे?

म्हणून आमची एक सूचना आहे. दर रविवारी वंदना झाल्यावर याच विहारात पाच मुलामुलींनी एकेक करून उभे राहावे आणि तीन मिनिटे बोलावे. सुरुवात मुलींपासून करावी. इतरांनी प्रश्न विचारावेत, पण कुणी अडखळले तर हसायचे नाही. खर्च काही नाही. सतरंजी विहारात आहेच. थोडा वेळ आणि धीर तेवढा आपण आणायचा.

आमचे आयुष्य साच्याच्या आवाजात गेले. आमच्या मुलांचा आवाज तरी समोरच्याच्या कानापर्यंत स्वच्छ पोहोचावा, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!