ऑपरेशनआधीचा महिना
(आकाशवाणीवरील भाषण)

नरसी नामदेवच्या शिवारात हळद लावणाऱ्या मंडळींना डोळ्यांपुढे ठेवून बोलतोय, बाकीच्यांनीही ऐकावं. मी भूल देणारा डॉक्टर. माणूस आमच्याकडे येतो तो ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी. काखेत फाईल, आणि वर म्हणतो, "आता सगळं तुमच्या हवाली." हवाली होऊ नका हो! तुमचंही काम असतं, आणि ते महिनाभर आधीच सुरू व्हायला हवं.

हळदीचं रान कसं तयार करता? नांगरून उन्हात तापू देता, शेणखत घालता, गादीवाफे पाडता, बेणं निवडता. त्या मानानं लावणी झटक्यात उरकते. ऑपरेशन म्हणजे ती लावणी. रान तसंच ठेवून नुसती लावणी कोण करतं?

त्याच भागातल्या एक मावशी गर्भपिशवीच्या ऑपरेशनला आल्या. अंगावरून फार जायचं, हिमोग्लोबिन सात. विचारलं, तंबाखू खाता? "छे हो, डॉक्टर." मिसरी? "ती लावते की, चार वेळा." डबी कमरेच्या पिशवीतच होती. तातडी नव्हती, म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं. मुलगा चिडला, गाडीभाडं गेलं म्हणून. त्याचं चुकलं नाही. पण रक्त वाढायला गोळ्यांना काही आठवडे लागतात. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पडतं. बिडी ओढणाऱ्याच्या छातीत कफ साठतो तो वेगळाच. बिडी, मिसरी, गुटखा किमान चार आठवडे आधी बंद. शुगर असेल तर तीही याच महिन्यात आटोक्यात आणायची.

आता उपाशी राहण्याचं. आपल्याकडे उपासाची हौस फार! रात्री आठला जेवले की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याचा थेंब नाही. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून उपाशी ठेवतात, हे खरं. त्यासाठी हलकं जेवण सहा तास आधी थांबवलं तरी पुरतं. तेलकट-तुपकट असेल तर आठ. साधं पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा मात्र पाण्यात मोजू नका, तो जेवणातच धरायचा. पोटाचा विकार, जुनी शुगर, गरोदरपण असेल तर डॉक्टर सांगतील तेच.

डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेट नावाच्या सर्जननी १९९० च्या दशकात हे सगळं एकत्र बांधलं: आधीची तयारी, नेमकी भूल, दुखणं आटोक्यात, लवकर खाणं, लवकर चालणं. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनचे त्यांचे रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जाऊ लागले. यात जादूचं औषध कुठलंच नव्हतं.

आणि आपल्याकडे? परतवारीच्या एकादशीला नरसीपर्यंत पायी जाणारी माणसं ऑपरेशननंतर खाटेवरून हलत नाहीत. नातेवाईकच दटावतात, "पडून राहा, टाके तुटतील." शिजवलेल्या हळदीचा ढीग तसाच ठेवला तर काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. पसरायची, हलवायची, उन्हं द्यायची. पडून राहणाऱ्याच्या पायात रक्ताच्या गाठी होतात, छातीत कफ बसतो. डॉक्टरांनी हो म्हटलं, की त्याच संध्याकाळी धरून उठवा, चार पावलं चालवा.

काचेपलीकडून खूण होतेय. दुखण्याचं राहिलंच. सोसू नका, एवढंच सांगतो; दुखत असलं की माणूस खोकत नाही, खोकला नाही की कफ... असो. पुन्हा सांगतो, तारीख मिळाली की त्याच दिवशी विचारा: माझं हिमोग्लोबिन किती, शुगर किती, पाणी किती वाजेपर्यंत प्यायचं? आणि मिसरीची डबी त्याच दिवशी उकिरड्यावर टाका.